वेबसाइटच्या नावाची शेपटी: डॉट कॉम, डॉट इन, डॉट शॉप... आम्ही नेमकी कुठली घ्यावी?

जामसंड्याची सून

नमस्कार मंडळी. देवगडला लागून जामसंड्यात आमची आंब्याची दीडशेच्या आसपास कलमं आहेत. सासरे होते तोवर सगळा माल वाशीला जायचा आणि दलालाची पट्टी येईल ती गोड मानायची. आता निम्मा तरी माल मी थेट गिऱ्हाइकाला देते, पाच डझनी पेटी, आढीत घालून, पुण्या-ठाण्यापर्यंत. त्यासाठी चार वर्षांपूर्वी एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. बागेचं नाव आणि पुढे डॉट कॉम.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. "पेटी अजून पोचली नाही हो, उद्या रस करायचाय." वही काढली, नाव नाही. पैसे जमा? नाहीत. म्हटलं कुठे भरलेत, तर त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. आमच्याच बागेचं नाव, आमचाच फोटो. त्यात माझ्या सासूबाईंचा हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा, पेटीत गवत सारखं करताना. सगळं आमचं, फक्त शेवटी डॉट कॉमच्या जागी डॉट शॉप. बाईंचे १८०० रुपये गेले. मी पदरचं घालून त्यांना एक पेटी पाठवली. चूक त्यांची नव्हती, माझीही नव्हती, पण पेटीवर नाव आमचं होतं ना.

मग साइट करणाऱ्या मुलाला फोन लावला, तर दुसरंच निघालं. आमचं डॉट कॉम नाव त्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं आहे. मुदत येत्या जूनमध्ये संपते आणि तो आता फोन उचलत नाही.

तेव्हा मला आधी मुळातलं समजून घ्यायचं आहे. या शेपट्यांचा अर्थ काय, आणि त्या देतं कोण? शेपटी बघून साइट खरी की खोटी ते कळतं का? भाचा म्हणतो डॉट ऑर्ग घे, लोकांचा विश्वास बसतो. छापखानेवाला म्हणतो डॉट को घ्या, छोटं आहे, पेटीवर मावतं. विजेच्या बिलाची, सातबाऱ्याची आणि रेल्वेची साइट बघितली तर तिघांच्या तीन तऱ्हा. सरकारला तरी एक काहीतरी ठरवता येत नाही का?

मोहोर यंदा बरा आहे. फवारणीतून उसंत मिळाली की बघेन इथे.

पडवीतला

आंबो गॉड आसलो की गिराईक आपसूक येता. शेपटेचा काय घेवन बसलंस?

जामसंड्याची सून

ता खरा, पण गिराईक आपसूक आला आणि दुसऱ्याच्याच दारात गेला, त्याचा काय?

निवृत्त पोस्टमास्तर, मालवण

ताई, मी चौतीस वर्षं टपालखात्यात काढली. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आला तेव्हा केस पिकले होते. पण हा विषय मुलाने समजावला तेव्हा दहा मिनिटांत डोक्यात बसला, कारण हे आमचंच काम आहे.

आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो? नाव, घर, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. लहानापासून मोठ्याकडे. वाचणारा मात्र तळापासून वर वाचतो. मुंबईत पाकिटं लावणाऱ्याला तुमच्या नावाशी देणंघेणं नसतं, तो जिल्हा बघून थैलीत टाकतो. मालवणला थैली फुटली की आम्ही गाव बघायचो. बीटवरचा पोस्टमन वाडी बघायचा. नाव सगळ्यात शेवटी वाचलं जायचं, खळ्यात उभं राहून.

वेबसाइटचं नाव अगदी तस्संच. तुम्ही सातबारा बघता ती साइट घ्या: भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. कॉम्प्युटर उजवीकडून सुरुवात करतो. आधी 'इन', म्हणजे भारताचं दप्तर कुठे आहे ते विचारतो. त्या दप्तराला 'जीओव्ही', म्हणजे त्यातला सरकारी कप्पा. तिथे 'महाभूमी'. आणि महाभूमीच्या घरातली एक खोली, 'भूलेख'. तुम्ही ज्याला शेपटी म्हणता ते खरं तर डोकं आहे, सगळं तिथून सुरू होतं. (पिनकोड मात्र उलटा चालतो. मालवणच्या ४१६६०६ मध्ये पहिला ४ सगळ्यात मोठा प्रदेश सांगतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. लोकांना तो पाठ व्हायला किती वर्षं गेली ते माझ्या वरिष्ठांकडून ऐकलंय.)

आता या मोठ्या कप्प्यांची नावं आली कुठून? सुरुवातीला अमेरिकेत सगळ्या कॉम्प्युटरांच्या नावांची एकच वही होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती ठेवलेली असायची. नवं नाव आलं की तिथे कळवायचं, आणि बाकीच्यांनी ती वही उतरवून घ्यायची. कॉम्प्युटर वाढले तशी वही पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी कामाची वाटणी सुचवली: प्रत्येक कप्प्याची वही त्या कप्प्याकडे. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी पहिले कप्पे कागदावर मांडले. कॉम व्यापाऱ्यांना, ईडीयू शिक्षणसंस्थांना, जीओव्ही सरकारला, मिल लष्कराला, आणि यातल्या कशातच न बसणाऱ्या संस्थांना ऑर्ग. नेट थोडं मागाहून आलं. पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ ला सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने घेतलं.

यातली एक गंमत आम्हा टपालवाल्यांना लगेच कळते. नुसतं डॉट जीओव्ही म्हणजे फक्त अमेरिकेचं सरकार. आपल्याला मागे 'इन' जोडावं लागतं. का? ब्रिटनच्या पोस्टाच्या तिकिटावर देशाचं नाव नसतं, नुसता राजा-राणीचा मुखवटा. १८४० मध्ये तिकीट त्यांनीच पहिल्यांदा काढलं, तेव्हा नाव लिहायचं कुणासाठी? पुढे बाकी सगळ्यांना नावं लिहावी लागली. अमेरिकेचं इथे तेच झालं. पहिला आलेला पंगतीत पाट न मांडताच बसतो.

दोन अक्षरी शेपट्या देशांच्या. कुठल्या प्रदेशाला कुठली अक्षरं, हे एका आंतरराष्ट्रीय यादीवरून घेतात, आयएसओ ३१६६. पोस्टेल यांनी १९९४ मध्ये स्पष्टच लिहून ठेवलं की अमुक देश आहे की नाही हे ठरवण्याचा धंदा आमचा नव्हे. शहाणा माणूस. आमच्याकडे दोन वाड्यांचा वाद असायचा, पोस्ट कुठल्या गावाच्या नावाने. कुणी विचारलं की मी छापील यादी पुढे करायचो आणि चहा मागवायचो.

या यादीने काहींचं नशीब काढलं. तुवालू हा पॅसिफिकमधला चिमुकला देश, वस्ती आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, साधारण अकरा हजार. त्याला अक्षरं मिळाली टीव्ही. जगभरच्या चॅनेलवाल्यांना ती हवीत, तुवालूला पैसे मिळतात. कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाच्या वाट्याला एआय आलं. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं वेड आल्यावर २०२३ साली बेटाला त्यातून सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, सरकारच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. मासे नाहीत, आंबा नाही, दोन अक्षरं विकून! आणि तुमच्या छापखानेवाल्याचं डॉट को, ते मुळात कोलंबिया देशाचं. घ्यायला बंदी नाही, पण गिऱ्हाईक सवयीने पुढे 'म' लावणार आणि डॉट कॉमवाल्याच्या दारात जाणार.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, खरं-खोटं. शेपटी बघताना एकच विचारायचं: हिच्या दारावर कुणी उभं आहे का? कॉम, ऑर्ग, इन, को डॉट इन, शॉप, यांच्या दारावर कोणी नाही. पैसे भरा, नाव घ्या. भाच्याला सांगा, ऑर्ग संस्थांसाठी काढलं होतं खरं, पण आज ते घेताना संस्थेची नोंदणी कोणी मागत नाही. जीओव्ही डॉट इनच्या दारावर मात्र पहारा आहे, ते सरकारी कार्यालयालाच मिळतं. एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना, म्हणून मुंबई विद्यापीठ एमयू डॉट एसी डॉट इन. आणि बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने बँक डॉट इन असा नवा कप्पा केला. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायचं असं सांगितलं होतं. तुमच्या बँकेची साइट आता बँक डॉट इनवर संपते का, ते बघा.

पण नियम एकाच बाजूने चालतो. जीओव्ही डॉट इन शेवटी असलं तर घर सरकारी. नसलं तर खोटं, असं मात्र नाही. कोकण रेल्वे ही सरकारी कंपनी, आणि साइट कोकणरेल्वे डॉट कॉम. महावितरणची महाडिस्कॉम डॉट इन. तिकिटांची आयआरसीटीसी डॉट को डॉट इन. तिन्ही अस्सल. सरकारला एक ठरवता येत नाही का, म्हणून तुम्ही विचारलंत. आमच्याच खात्यात लाखेच्या काडीसाठी तीन फॉर्म होते, मी काय बोलू?

आणि ठग काय करतात तेही सांगतो. 'जीओव्ही डॉट इन' ही अक्षरं ते मध्येच कुठेतरी पेरतात. उदाहरणार्थ, महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट काहीतरी डॉट टॉप. घाईत नजर 'जीओव्ही डॉट इन'वर थांबते. पण पाकीट कुठे चाललंय? टॉपला. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. कुणी पाकिटावर 'कलेक्टर कचेरी' लिहून खाली भलताच जिल्हा घातला, तर पत्र कलेक्टरकडे जातं का?

तारकर्ली होमस्टे

मास्तरांना दंडवत. पाट न मांडताच बसणारा पाहुणा आमच्याकडे दर मे महिन्यात येतो.

ताई, तुमचं दुखणं शॉप नाही, तुमचं दुखणं आधीचं डॉट कॉम आहे. नाव विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळतं. एका वर्षाचं घ्या नाहीतर एकदम दहा वर्षांचं, त्यापुढे नाही. आणि भाडेपावतीवर ज्याचं नाव, घर त्याचं. साइटचे पैसे तुम्ही दिलेत, फोटो तुमचे, आंबे तुमचे, पण दप्तरात तो मुलगा मालक. 'हूइज' म्हणून एक शोध असतो, त्यात बघा नाव कोणत्या कंपनीकडे नोंदलंय आणि मुदत नक्की कधी. मग त्या मुलाच्या घरी जा. फोन नको, घरी. आंबे घेऊन जा. सांगायचं की नोंदीत माझं नाव आणि माझा ईमेल टाक, किंवा नाव दुसरीकडे हलवायचा ऑथ कोड दे. दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक मुलं लबाड नसतात, आळशी असतात. आमच्या गावातले निम्मे होमस्टे असेच कुणाच्या तरी पुतण्याच्या नावावर आहेत.

मुदतीचं मी स्वतः भोगलंय. मे २०२१, तौक्ते वादळ. आमच्याकडे माड आडवे, वीज नाही, टॉवर बंद. माझ्या नावाची मुदत त्याच आठवड्यात होती. पैसे भरायला ओटीपी लागतो, ओटीपीला रेंज लागते, आणि रेंजसाठी मी स्कूटर काढून कट्टा गावाच्या दिशेने गेलो, तिथेही शुकशुकाट. वीज आली त्यानंतर कौलं बसवण्यात मी ते विसरलोच. आठवण झाली ती एका पाहुण्याने 'तुमची साइट बंद आहे का' विचारलं तेव्हा. डॉट कॉमला मुदतीनंतर थोडी सवलत मिळते, मग तीस दिवस असे असतात की जबर दंड भरून नाव सोडवता येतं, मग पाच दिवस ते कुणाचंच नसतं, आणि मग जो धावेल त्याचं. मी त्या तीस दिवसांत सापडलो. वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट दंड बसला. त्या पैशांत चार कौलं कमी आली.

शॉपबद्दल. ही नवी पिढी आहे. २०१२ मध्ये आयकॅनने, म्हणजे या सगळ्या कप्प्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने, नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, तरी १९०० च्या वर अर्ज आले. म्हणून आता शॉप, हॉटेल, ऑनलाइन, टॉप, अशी जत्रा आहे. पहिल्या वर्षी बऱ्याचदा मातीमोल भावात देतात, दुसऱ्या वर्षी खरा दर दिसतो. ठगाला दुसरं वर्ष बघायचंच नसतं, म्हणून त्याला ती परवडतात.

माझं मत: डॉट इन घ्या. २००५ पर्यंत ते मिळवणं जिकिरीचं होतं, आता निक्सीच्या, म्हणजे डॉट इनचं दप्तर सांभाळणाऱ्या भारतातल्या संस्थेच्या, देखरेखीखाली कुणालाही मिळतं. तुमचं गिऱ्हाईक भारतातलंच आहे. डॉट कॉम हातात आलं तर तेही ठेवा आणि तिथे येणाऱ्याला डॉट इनवर पाठवा. बाकी शेपट्या विकत घेत बसू नका, त्या चौदाशेच्या वर आहेत. आंबे विकून पुरणार नाही.

आणि गेल्या वर्षीच्या फसवणुकीची तक्रार त्या ठाण्याच्या बाईंना करायला सांगा, १९३० वर फोन किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. उशीर झालाय, तरी नोंद होऊ दे.

निवृत्त पोस्टमास्तर, मालवण

एक राहिलं. डॉट भारत! देवनागरीत. २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, मराठी आणि कोकणीसुद्धा त्यात आहेत. बागेचं नाव मराठीत आणि पुढे टिंब भारत. पेटीवर किती शोभेल.

तारकर्ली होमस्टे

शोभेल मास्तर, पण टाइप कोण करणार? माझे पाहुणे 'तारकर्ली'सुद्धा इंग्रजीत चार तऱ्हेने लिहितात. शिवाय आतल्या आत कॉम्प्युटर त्या नावाची इंग्रजी अक्षरंच करतो. कुठे कुठे पाहुण्याला पत्त्याच्या जागी 'एक्सएन', दोन आडव्या रेघा आणि पुढे काहीतरी अगम्य दिसतं. घाबरून बंद करतो बिचारा. ईमेलला तर आणखी रडारड. हौस म्हणून घ्या, मुख्य नाव म्हणून नको.

निवृत्त पोस्टमास्तर, मालवण

मनीऑर्डरीवर मोडीत सही करणारे म्हातारे मी पाहिलेत. ती अक्षरं खिडकीवर कुणाला लागत नव्हती, तरी पैसे पोचायचे. असो. ताईंनी ठरवावं.

जामसंड्याची सून

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये तुडतुड्याने जीव खाल्ला.

त्या मुलाच्या घरी गेले. कणकवलीला असतो आता. आंबे अजून नव्हते, म्हणून सुक्या बांगड्यांची पुडी नेली. तारकर्लीवाल्यांनी सांगितलं तसंच निघालं. लबाड नाही, त्याची नोकरी बदलली आणि आधीची सगळी गिऱ्हाइकं डोक्यातून गेली. आईसमोर जरा वरमला. माझ्याच फोनवर माझ्या नावाने खातं उघडून दिलं आणि डॉट कॉम माझ्याकडे आलं. डॉट इनही घेतलं, पाच वर्षांचं. मुदत घरातल्या कॅलेंडरवर लिहून काय उपयोग, ते दर वर्षी बदलतं. म्हणून फवारणीच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिली. ती वही मात्र कधी हरवत नाही.

शॉपवाली साइट आता उघडत नाही. मास्तर, तुमच्यासाठी डॉट भारतही घेतलंय. सासूबाईंना फोनवर दाखवलं तर त्यांनी पहिल्यांदा साइटचं नाव स्वतः वाचलं. हात मात्र अजून त्यांचाच आहे फोटोत, काढू देत नाहीत.

एक घोळ झालाय. पेटीवर लावायच्या चिठ्ठ्या छापून आल्या, पाचशे. छापखानेवाल्याने पत्ता बरोबर छापलाय, पण वाक्य संपलं म्हणून 'इन'च्या पुढे आणखी एक टिंब दिलंय. आता ते टिंबासकट टाइप केलं तर गिऱ्हाईक भलतीकडे जाईल का? पाचशे चिठ्ठ्यांवर व्हाइटनर लावत बसू?

तारकर्ली होमस्टे

नका लावू. ते टिंब चूक नाही. मास्तर म्हणाले ना, वाचन उजवीकडून सुरू होतं, मग 'इन'च्याही उजवीकडे काय? तिथे मूळ दप्तर असतं, रूट. 'इन' कुठे, 'कॉम' कुठे, ते तिथे कळतं. प्रत्येक नावाच्या शेवटी त्याचं एक टिंब असतंच, आपण ते लिहीत नाही इतकंच. मी आत्ता तुमचा पत्ता टिंबासकट टाकून बघितला. उघडला.

पेटी कधीपासून? मला दोन हव्यात.